शजऱ्याची सनद : घराण्याच्या इतिहासात साधनांच्या नोंदीचे स्थान

‘सनद’ हा शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत रूढ आहे, पण दोन्हीकडे त्याचा वापर सारखा नाही. मराठी दप्तरात सनद म्हणजे सरकारने इनाम, वतन किंवा अधिकार दिल्याचा लेख. हदीसशास्त्रात सनद म्हणजे एखादे कथन कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र एकच आहे, आधार. दक्षिणेतील मुस्लिम घराण्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला या दोन्ही सनदांची गरज पडते. पहिलीचा शोध तो हौसेने घेतो. दुसरी लिहून ठेवायची असते हेच अनेकदा त्याच्या ध्यानात येत नाही.

काझी, मुल्ला, खतीब, इनामदार, पीरजादे, देसाई अशा जुन्या घराण्यांत बहुधा एखादा शजरा असतो. तो लोखंडी पेटीत, कुराणशरीफच्या जुजदानात किंवा भिंतीवरच्या चौकटीत जपलेला असतो. त्यात नावांखाली नावे असतात. क्वचित एखाद्या नावासमोर ‘हे बिदरहून आले’ किंवा ‘यांना विजापूर दरबारातून जमीन मिळाली’ असा शेरा असतो. हे नाव कोठून मिळाले, हा शेरा कोणी लिहिला, कशावरून लिहिला, याचा पत्ता नसतो. पुढे घरात लग्नकार्य निघते, शजऱ्याच्या प्रती काढल्या जातात, एखादा उत्साही पुतण्या त्यात दोन नावांची भर घालतो, आणि तीच प्रत भावकीतील चार घरांत जाते. तीस वर्षांनी कोणी शोध घेऊ लागला की त्याला चार घरांत एकच मजकूर सापडतो आणि चार पुरावे मिळाल्याचा आनंद होतो. वस्तुतः पुरावा एकच असतो, आणि त्याचाही उगम अज्ञात असतो.

या प्रकारच्या चुकीची जाणीव मुस्लिम विद्यापरंपरेला फार पूर्वी झालेली होती. हदीसच्या अभ्यासकांनी प्रत्येक कथनाचे दोन भाग मानले. मजकूर तो मत्न, आणि सांगणाऱ्यांची साखळी ती इस्नाद. साखळीतील प्रत्येक रावी कोण होता, तो कोठे राहिला, ज्याच्याकडून ऐकल्याचे तो सांगतो त्याची व याची भेट होणे शक्य होते काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, याचा तपास करण्यासाठी ‘अस्माउर्रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. इब्ने सअद (मृत्यू ८४५) यांच्या ‘तबकात’पासून इब्ने हजर अस्कलानी (१३७२–१४४९) यांच्या चरित्रकोशांपर्यंत या कामाचा विस्तार आहे. अनेक मार्गांनी स्वतंत्रपणे आलेली खबर आणि एकाच व्यक्तीपाशी जाऊन थांबणारी खबर यांत या विद्वानांनी स्पष्ट भेद केला. वर सांगितलेले चार घरांतील शजरे या कसोटीवर एकाच रावीपाशी थांबतात. धर्मकथनासाठी एवढी दक्षता घेणाऱ्या समाजातील घराणी स्वतःच्या पूर्वजांविषयी मात्र विनासनद मजकुरावर समाधान मानतात, हे थोडे विचित्रच आहे.

वंशावळींकडे चिकित्सकपणे पाहणाऱ्यांत इब्ने खल्दून यांचे नाव आधी घ्यावे लागेल. १३७७ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मुकद्दमा’त त्यांनी एक साधी कसोटी दिली आहे : शंभर वर्षांना सुमारे तीन पिढ्या धराव्यात, आणि वंशावळीतील नावांची संख्या कालावधीशी जुळते की नाही ते पाहावे. एखाद्या शजऱ्यात आजच्या पिढीपासून इसवी सनाच्या सातव्या शतकापर्यंत पोहोचायला अठराच नावे लागत असतील, तर या हिशेबाने वीसपेक्षा जास्त नावे मधल्या मध्ये गळलेली आहेत. याचा अर्थ शजरा बनावट आहे असा लगेच होत नाही. प्रसिद्ध नावे लक्षात राहतात, सामान्य माणसे विसरली जातात. पण गळती कोठे झाली हे शोधायचे तर कोणता भाग कोणत्या साधनावरून घेतला हे ठाऊक असावे लागते. खालची सहा नावे वारसाच्या कागदांवरून, मधली पाच आजोबांच्या वहीतून आणि वरची सात एखाद्या छापील पुस्तकातून उतरवली असतील, तर तीन तुकड्यांचे वजन तीन प्रकारचे आहे. नोंदीअभावी हे तुकडे एका शाईत मिसळून जातात.

नावांपेक्षाही अधिक घोळ सालांत होतो. दक्षिणेतील कागदांवर हिजरी, फसली, शुहूर (यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात) आणि शालिवाहन शक हे सर्व आढळतात. माळव्यातील कागदांत विक्रम संवताची भर पडते. एकच प्रसंग घेऊ. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या दिवशी हिजरी सन ११७४ होता, दक्षिणी फसली ११७०, शुहूर ११६१, शक १६८२ आणि संवत १८१७. उत्तर हिंदुस्थानात चालणारा फसली दक्षिणेच्या फसलीपेक्षा सुमारे दोन वर्षांनी मागे असल्यामुळे तिकडे फसली ११६८ चालू होता. आता समजा, एखाद्या घरात अशी आख्यायिका आहे की मूळ पुरुष पानिपताहून जिवंत परतला आणि त्याबद्दल त्याला इनाम मिळाले, आणि कोणा नातलगाने जुन्या कागदावरून वहीत एवढेच टिपले आहे की ‘इनाम सन ११७०’. हा आकडा फसली असेल तर आख्यायिकेला बळ मिळते. हिजरी असेल तर साल १७५६-५७ येते, म्हणजे इनाम लढाईच्या चार वर्षे आधीचे. शुहूर असेल तर १७६९-७० येते, आणि देणारा पेशवा नानासाहेब नसून माधवराव ठरतो. तेरा वर्षांचा हा फरक एका शब्दाच्या अभावी निर्माण झाला. मूळ कागद कोणाच्या घरी, कोणत्या लिपीत होता एवढे जरी लिहिलेले असते, तरी परत जाऊन पाहता आले असते.

पेशवे दप्तरातील मोडी कागदांवर शुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. मोडी वाचणाऱ्या अनेकांना हे शब्द पाठ करावे लागतात. थोडीफार अरबी किंवा उर्दू येणाऱ्याला ते ऐकताच कळतात. उलट उर्दूच्या अभ्यासकाला पुढची मोडी ओळ वाचता येत नाही. महाविद्यालयातील उर्दू व मराठी हे दोन विभाग या कामात एकमेकांना जेवढे पूरक आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशात असतील. प्रत्यक्षात एका विभागाला दुसऱ्याकडे कोणती बाडे आहेत याचीही माहिती नसते, हा भाग वेगळा.

लिपीचा प्रश्न येथेच संपत नाही. मशिदींवरील, दर्ग्यांतील आणि कबरींवरील शिलालेखांत पुष्कळदा तारीख आकड्यात न देता अबजद पद्धतीने एखाद्या शब्दात किंवा मिसऱ्यात गुंफलेली असते. हैदराबादच्या चारमिनारचे साल ‘या हाफिज’ या शब्दांतून निघते असे सांगतात. ये १०, अलिफ १, हे (हुत्ती) ८, अलिफ १, फे ८०, जोय ९०० अशी बेरीज १००० होते, आणि हिजरी १००० म्हणजे १५९१-९२. हाच शब्द कोणी देवनागरीत ‘हाफिज’ असा उतरवला आणि दुसऱ्या कोणी त्या देवनागरीवरून पुन्हा उर्दूत लिहिताना जोयऐवजी जे घातला, तर ९०० च्या जागी ७ येतात आणि बेरीज १०७ होते. देवनागरीच्या एका ‘ज’मध्ये उर्दूची जाल, जे, ज्वाद आणि जोय ही चार अक्षरे सामावतात आणि त्यांच्या किमती अनुक्रमे ७००, ७, ८०० आणि ९०० आहेत. म्हणून कबरीवरचा मजकूर टिपताना तो मूळ लिपीत टिपावा लागतो, शक्यतो छायाचित्रासह. चुना लावताना किंवा फरशी बसवताना तो दगड झाकला गेला तर ते छायाचित्र हेच साधन उरते. मग ते कोणत्या गावी, कोणत्या कबरस्तानात, कोणत्या दिवशी घेतले हे मागे लिहिलेले नसेल तर त्याचाही उपयोग नाही.

कागदांच्या नकलांबाबत जुन्या काझींची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ फर्मान किंवा सनद घरात ठेवून तिची नक्कल कामासाठी वापरली जाई. अशा नकलेवर ती असलबरहुकूम असल्याचा शेरा आणि काझीचा शिक्का असे. म्हणजे हा कागद मूळ नव्हे, हे कागदच सांगत असे. आजच्या झेरॉक्सच्या ढिगाऱ्यात ही माहिती नाहीशी झाली आहे. त्याच शिक्क्यावरून एक गैरसमजही होतो. मोगल अमदानीच्या शिक्क्यांवरील हिजरी साल बहुधा शिक्का खोदल्याचे किंवा अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे असते, कागद लिहिल्याचे नसते. घराण्याच्या इतिहासात सनदेची तारीख शिक्क्यावरून घेतली असेल आणि तसे नमूद केलेले नसेल, तर वाचणारा ती कागदाचीच समजतो.

साधन कोणते एवढे लिहून भागत नाही, ते कशासाठी निर्माण झाले हेही पाहावे लागते. बेळगाव, धारवाड भागातील घराण्यांना हे विशेष लागू आहे. दक्षिण मराठा मुलुखात इनामांची चौकशी १८४३ पासून सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले. इनामदारांना आपला हक्क किती जुना आणि कोणत्या सरकारचा, हे सिद्ध करावे लागले. त्या काळात घराण्यांनी ज्या कैफियती दिल्या त्यांत पिढ्यांची नावे, गावे, जमिनीचे तुकडे यांची अतिशय मोलाची माहिती आहे. पण कैफियत देणाऱ्याची जमीन धोक्यात होती. हक्क जितका जुना दाखवता येईल तितका तो दाखवणार, हे मानवी आहे. त्यामुळे कैफियतीतील आजोबा-पणजोबांपर्यंतचा भाग आणि त्यामागील आदिलशाही काळातील मूळ पुरुषाचा भाग एकाच विश्वासाने स्वीकारता येत नाही. ‘घराणे विजापूरकाळापासूनचे आहे’ या वाक्यापुढे ‘इनाम कमिशनपुढील कैफियतीनुसार’ एवढी जोड दिली की वाचणाऱ्याला सगळे कळते.

घरात जपलेला कागद योग्य रीतीने पुढे आला तर काय घडू शकते याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण जेधे शकावलीचे आहे. शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष बखरींच्या आधारे दीर्घकाळ १६२७ मानले जात होते. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वाद दीर्घकाळ चालला, पण तो चालू शकला याचे कारण शकावली कोणाच्या घरची, हे सर्वांना ठाऊक होते. तिच्यातील इतर तिथी तपासता आल्या, अन्य साधनांशी ताडून पाहता आल्या. तीच तिथी ‘जुन्या कागदांवरून’ अशा मोघम आधारावर कोणी छापली असती तर बखरींपुढे तिचा टिकाव लागला नसता.

लेखी कागद नसलेल्या घरांची संख्या अर्थातच अधिक आहे. मोलमजुरी, कारागिरी, शिपाईगिरी करणाऱ्यांच्या घरी सनदा नसतात. तेथे वृद्धांच्या आठवणी हेच साधन, आणि ते कनिष्ठ मानण्याचे कारण नाही. आठवणीतील साले प्रसंगांना बांधलेली असतात. हैदराबादकडे ‘तुग्यानीच्या साली’ म्हटले की मुसा नदीचा २८ सप्टेंबर १९०८ चा पूर समजायचा. ‘प्लेगात वारले’ हे मात्र तेवढे नेमके नाही, कारण १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ पुढे कित्येक वर्षे ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा उद्भवत राहिली. अशा वेळी सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि आपण काढलेले साल वेगळे लिहावे. आजीने ‘प्लेगात’ म्हटले आणि नातवाने ‘१८९७’ लिहिले, तर १८९७ हे आजीचे कथन नव्हे, नातवाचा तर्क आहे. पुढे तर्क चुकला की दोष आजीच्या स्मरणशक्तीला लागतो.

मौखिक साधनाच्या नोंदीचा प्रश्न जगभर गाजला तो अलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ (१९७६) या पुस्तकामुळे. गँबियातील जुफुरे गावच्या एका वृद्ध कथनकाराकडून आपल्या गुलाम पूर्वजाची कथा मिळाल्याचे हेली यांनी सांगितले होते. १९७७ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने गावी जाऊन तपास केला तेव्हा तो वृद्ध परंपरागत कथनकार नव्हता, आणि हेली कशाच्या शोधात आहेत हे गावाला आधीच कळले होते, असे आढळले. अमेरिकेतील दप्तरे तपासणाऱ्यांनाही कथेतील पूर्वज जहाजाने येण्याच्या आधीपासून त्याच नावाचा गुलाम तेथे असल्याचे कागद मिळाले. पुस्तकाला हे भोवले खरे. तथापि, गाव, माणूस, जहाज आणि साल हेली यांनी सांगितले होते, म्हणूनच तपास शक्य झाला. आपल्याकडील बहुतेक घराण्यांचे इतिहास इतके मोघम असतात की ते खोटे ठरण्याच्याही पलीकडे गेलेले असतात.

शजऱ्यात जवळपास कोठेच न दिसणाऱ्या व्यक्ती म्हणजे स्त्रिया. नाव पित्याकडून पुत्राकडे जाते, मुलीपाशी रेघ थांबते किंवा काढलीच जात नाही. पण ज्या साधनांवरून शजरा तयार होतो त्यांत स्त्रिया असतात. निकाहनाम्यात वधूचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, मेहरची रक्कम, वकील आणि साक्षीदार यांची नावे असतात. शरीअतच्या वारसाहक्कात मुलगी, पत्नी, आई यांचे हिस्से ठरलेले असल्याने वाटणीच्या कागदांत आणि हक्कसोडपत्रांत त्यांची नावे येतात, मग त्यांना हिस्सा प्रत्यक्षात मिळालेला असो वा नसो. एखाद्या मुलाचे नाव वाटणीच्या कागदावरून घेतले असे शजऱ्यात लिहिलेले असेल, तर पुढील अभ्यासक त्या कागदापर्यंत जाईल आणि त्याच पानावर त्या मुलाच्या बहिणी त्याला सापडतील. नोंद नसेल तर बहिणी त्या कागदातच राहतील.

हा सारा खटाटोप केवळ अभिमानासाठी असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. त्यांच्या जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आणि त्या पुराव्यातील व्यक्तीशी अर्जदाराचे नाते दाखवणारी वंशावळ लागते. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीच्या रकान्यात बहुधा ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले असते, बिरादरीचा उल्लेख एखाद्या चुलत आजोबांच्या नोंदीतच सापडतो. ते रजिस्टर कोणत्या गावच्या शाळेचे, नोंदीचा क्रमांक कोणता, हे घरात कोणी लिहून ठेवले नसेल तर मुलाच्या प्रवेशाचे वर्ष त्या शोधातच निघून जाते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी दप्तरे पुन्हा उघडावी लागली, आणि वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. ज्या भाषा महाविद्यालयांत विद्यार्थीसंख्येअभावी कशाबशा टिकून आहेत, त्यांची तेव्हा सर्वांना आठवण झाली.

सीमाभागात आणि जुन्या संस्थानी शहरांत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे दप्तरे माणसांबरोबर हलली नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण पेशवाईतील त्या भागाचे रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण निजामाच्या राज्यातील त्याचे जुने कागद मोठ्या प्रमाणावर हैदराबादेत राहिले. तेथेही १८८० च्या दशकापूर्वीचे सरकारी कागद फारसीत आणि नंतरचे उर्दूत. गोव्यातील पोर्तुगीज नोंदवह्यांत ‘श’चा उच्चार रोमन लिपीतील एक्स या अक्षराने लिहिला जाई, त्यामुळे शेख घराण्याचा शोध वर्णानुक्रमे घेणारा भलत्याच पानावर जाऊन रिकाम्या हाताने परततो. एका पिढीतील कोणी तरी हा प्रवास केलेला असतो, भाडे खर्चून, रजा काढून. त्याने कोणता रुमाल पाहिला आणि त्यात काही मिळाले नाही, हेही लिहून ठेवलेले नसल्याने त्याचा पुतण्या वीस वर्षांनी त्याच रुमालाची दोरी पुन्हा सोडतो.

विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना एका नावापासून सुरुवात करता येते. पानिपताहून परतलेल्या त्या पूर्वजाचीच नोंद घेतली तर ती साधारण अशी होईल : ‘नाव वडिलांच्या आईकडून ऐकले, वय चौऱ्याऐंशी, दख्खनी उर्दूत, घरी, रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी. तिने सासूकडून ऐकले. सासूने कोणाकडून ऐकले ते आजीला माहीत नाही. इनामाचा कागद थोरल्या चुलत्यांकडे, मोडी, नक्कल, खालचा शिक्का अस्पष्ट. सन ११७०, कोणता सन ते लिहिलेले नाही. मूळ पाहिलेले नाही. पुण्याचे रुमाल अद्याप पाहायचे आहेत.’